स्नान, मर्दन आणि मजुरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'स्पा' असे उत्तर दिले, आणि समोरची मंडळी हसली. आयुष्यभर बोनस, हजेरी आणि कंत्राटी कामगार यांवर घसा कोरडा करणारा माणूस आता श्रीमंतांच्या तेलपाण्यावर बोलणार, हे त्यांना गमतीचे वाटले. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि वाचनालयातले. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही. पण या विषयाशी आपल्या दोडामार्गाचा संबंध आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पहाटे आपल्या स्टँडवर उभे राहून पाहा. गोव्यातल्या कारखान्यांच्या गाड्या येतात, पोरे-पोरी भरून जातात. त्यांतल्या काही मुली कारखान्यात जात नाहीत. म्हापशाला उतरून दुसरी गाडी धरतात आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत पोचतात. घरी विचारले तर "हॉटेलात कामाला" एवढेच सांगतात. त्यांतल्या कित्येकींचे काम माणसांच्या अंगाला तेल लावून ते रगडण्याचे आहे. हे सांगायला त्यांना लाज का वाटावी, या प्रश्नाने आम्हांला इतिहासाकडे नेले.

प्रथम स्पा म्हणजे काय ते पाहू, कारण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो बाहेरूनच पाहिलेला असणार. आत गेल्यावर एक कागद भरून घेतात: रक्तदाब आहे काय, शस्त्रक्रिया झाली आहे काय, कातडीचा विकार, गरोदरपण. हा कागद खरा भरावा. ताप असता, किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असता अंग रगडून घेणे धोक्याचे असते. मग कपडे ठेवायला कुलुपाचे खण, अंगावर घ्यायला पंचा. पाय कोमट पाण्यात धुतात. काही ठिकाणी वाफेच्या खोलीत बसवतात. त्यानंतर मंद उजेडाच्या खोलीत उंच बाकावर पालथे झोपायचे, तासभर किंवा दीड तास. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा, बाकीचे अंग चादरीने झाकलेले. हात जड पडत असेल तर तसे सांगावे, ते कमीपणाचे नाही. शेवटी आंघोळ, आणि आल्याचा चहा. पोटभर जेवून जाऊ नये एवढे पथ्य. मोठ्या हॉटेलात या दीड तासाला जे पैसे पडतात, ते आपल्याकडच्या काजू फोडणाऱ्या बाईच्या आठवड्याच्या मजुरीएवढे, किंवा त्याहून अधिकच.

आता सांगा, यात आपल्याला अपरिचित असे काय आहे? आपल्या घरामागची न्हाणी, चुलीवरचे तांब्याचे भाण, नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी अंगठ्याखाली फोडलेले कारीट, मग खोबरेल आणि नारळाचा रस अंगाला चोळून आईने ओतलेले कढत पाणी! बाळंतिणीला आणि तान्ह्या पोराला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई वाडीवाडीत होती. तिच्या बोटांना हाडे आणि शिरा ठाऊक असत. ती सव्वा महिना येई, आणि जाताना तिला लुगडे, तांदूळ, नारळ मिळत. तिला कोणी तज्ज्ञ म्हटले नाही.

नावाची गोष्ट थोडक्यात. बेल्जम देशात स्पा नावाचे एक गाव आहे. तेथल्या खनिज झऱ्यांची कीर्ती पसरली आणि गावाचे नाव धंद्याचे नाव झाले. पण वस्तू त्याहून फार जुनी. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद. डांबराचा लेप देऊन पाणी जिरणार नाही अशी त्याची बांधणी. रोमन लोकांची स्नानगृहे तर सार्वजनिक होती. काराकाला बादशहाचे स्नानगृह इ. स. २१६ मध्ये उघडले, आणि त्याखालच्या भट्ट्यांत लाकूड घालणारे गुलाम असत. वर पाणी ऊन लागले की खाली कोण जळते आहे हे दिसत नाही. रोमची गोष्ट म्हणून आम्ही ती सांगतो, पण मनात किनाऱ्यावरची हॉटेले असतात.

आपल्या भाषेतही या कामाची साक्ष जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या 'लीळाचरित्रा'त अंग चोळून स्नान घालण्याला 'मर्दना-मादणे' असा जोडशब्द येतो. मादणे म्हणजे स्नान. हा शब्द आपण हरवला. त्याआधी दीडशे वर्षे, ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या उपभोगांत स्नानभोगाला स्वतंत्र स्थान आहे. आणि वाग्भटाने तर अभ्यंग रोजचा सांगितला. डोके, कान आणि तळपाय यांना विशेष. मात्र कफाने ग्रासलेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तो करू नये, असेही बजावले. म्हणजे वर जो कागद भरून घेतात म्हणालो, तो वाग्भटानेही भरून घेतलाच होता म्हणावयाचा.

या ग्रंथांत तेल कोणते, उटणे कोणते, याची चर्चा येते. ते चोळणाऱ्याला काय मिळे, याची मात्र येत नाही. त्यासाठी गावगाड्याकडे वळावे लागते. बारा बलुतेदारांत न्हावी एक. हजामत हे त्याचे उघड काम. पण पाटलाचे, आल्यागेल्या अंमलदाराचे अंग रगडणे, लग्नात मशाल धरणे, हेही त्याच्याकडेच. सुगीला खळ्यावर मिळेल तो धान्याचा वाटा हे त्याचे वेतन. पाटलाची पाठ दुखली म्हणून न्हाव्याने रगडावी. न्हाव्याची पाठ दुखली तर कोणी रगडावी याची तजवीज गावगाड्यात नव्हती. तालमीत निराळा कायदा असतो. तेथे एक पैलवान पालथा पडतो, दुसरा त्याला रगडतो, आणि उद्या पाळी फिरते. आम्हांला तालमीतले ते मर्दन सर्वांत स्वच्छ वाटते; पण सारे जग तालीम नाही.

या हातांना बाजारात सर्वांत मोठी किंमत मिळवून देणारा माणूस पाटण्याचा. दीन महंमद त्याचे नाव, जन्म १७५९ चा. कंपनी सरकारच्या बंगाल पलटणीत तो पोरवयात शिरला, १७८४ मध्ये आयर्लंडातील कॉर्क येथे गेला, आणि १७९४ मध्ये त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत छापले. पुढे लंडनला त्याने १८१० मध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली. ती बुडाली, १८१२ मध्ये दिवाळे निघाले. पन्नाशी उलटलेला माणूस! तो हातपाय गाळून बसला नाही. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी जाऊन त्याने औषधी वाफेची स्नाने आणि चंपी यांचा धंदा मांडला. 'चांपो' म्हणजे दाबा. आपल्या चेपण्याच्या जवळचा हा शब्द. त्याचेच इंग्रजांनी शाम्पू केले. आज आपण बाटलीतला शाम्पू डोक्याला लावतो, तो मुळात बोटांचा दाब होता. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून त्याची नेमणूक झाली. १८५१ मध्ये तो वारला. पाटण्याच्या माणसाच्या हाताखाली इंग्लंडचा राजा पालथा पडला होता, हे दृश्य आम्ही कधी कधी सभेत सांगतो; टाळ्या पडतात.

पण तिकडे तो सर्जन म्हणविला गेला, आणि इकडे चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खणखणवीत फिरणारा मालिशवाला मालिशवालाच राहिला. १९५७ च्या 'प्यासा' चित्रपटात जॉनी वॉकरने तो रंगविला, लोकांना तो आवडला. परंतु त्याच्या मुलाला कोणी आपली मुलगी दिली असती काय?

याच धंद्यातल्या माणसांनी आपल्या हातांवर स्वतःचा हक्क सांगितला तो प्रसंग मात्र मुंबईचा आणि मराठी आहे. साल १८९०. नारायण मेघाजी लोखंडे हे आमच्या चळवळीचे मूळपुरुष. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्या वर्षीच्या १० जून रोजी, त्यांच्या खटपटीने. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत न्हावी बांधवांची सभा भरवली, आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्या लोकांनी ठरविले. पगारवाढीची मागणी नव्हे! आपल्या हाताने काय करायचे नाही हे कामगाराने ठरवायचे, याचा आपल्याकडे याहून जुना दाखला आमच्या वाचनात नाही. रविवारच्या सुटीवर भाषणे होतात. या सभेवर फारशी होत नाहीत.

रविवारवरून आमच्या वडिलांची आठवण निघते. ते मुंबईला गिरणीत त्रासन खात्यात होते. आपल्या भागातल्या पुरुषांची गावकीची खोली असे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंचवीस-तीस जण, कोपऱ्यात एक मोरी आणि पाणी सकाळचे दोन तास. आठवडाभराचे स्नान म्हणजे दोन तांबे. कापसाची पिंज भुवयांत, कानांत, नाकात बसलेली. रविवारी मात्र एकमेकांच्या डोक्याला खोबरेल घालीत, पाठी चोळून देत. तीच आमची तालीम, असे वडील म्हणत. सुटी मिळवून देणाऱ्याचे नाव त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हते.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमात कामगारांना धुण्यासाठी पुरेशी आणि योग्य सोय हवी, स्त्री-पुरुषांना ती वेगळी आणि आडोशाची हवी, असे आले. कपडे ठेवण्या-वाळवण्याचे त्याच्या पुढच्या कलमात. कायदा वाचताना ही कलमे लोक ओलांडून जातात. आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबलो. घामट अंगाने घरी जावे लागू नये, ही मागणी कायद्यात लिहून घ्यावी लागली होती! युरोपात तर पुष्कळ पुढे गेले होते. फ्रान्समध्ये १९३६ साली दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि मजूर पहिल्यांदाच समुद्र पाहायला निघाले. सोव्हिएट राज्यात झऱ्याकाठची आरोग्यधामे सरकारजमा करून तेथे जाण्याच्या चिठ्ठ्या युनियनमार्फत वाटीत. तेथल्या राज्याचे दोष आम्हांला ठाऊक आहेत. ते राज्य १९९१ मध्ये संपलेही. पण औषधी स्नान हा मजुराचा हक्क, ही कल्पना त्याने मांडली एवढे नाकारता येत नाही.

आपल्या कोकणात झऱ्यांचे काय कमी आहे? ठाण्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वरात आरवली, तुरळ, आणि राजापूरचे उन्हाळे. गावांच्या नावांतच ऊन पाणी आहे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते, तेथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. म्हणून ही कुंडे किनाऱ्याला समांतर अशी ओळीने आली आहेत. त्यांत उतरायला कागद भरावा लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत.

मात्र पाणी सर्वांचे असते हे खरे नव्हे. महाडपासून जवळच सवचे ऊन पाणी. आणि त्याच महाडात चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. तो मांडणारे सीताराम केशव बोले हे कामगार हितवर्धक सभेचे कार्यकर्ते. कामगार चळवळ आणि पाण्याचा प्रश्न एकाच माणसाने हाती घेतले, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

उन्हाळ्याला आम्ही वडिलांबरोबर एकदाच गेलो. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर वडील गावी आले ते परत गेलेच नाहीत. सांधे धरले होते. कोणीतरी सांगितले की राजापूरच्या ऊन पाण्यात बसा, मोकळे व्हाल. आम्ही तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. एस्टीने गेलो. वडील कुंडाच्या कडेला बसले, पाय सोडले, मग हळूहळू सारे अंग. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आम्हांला म्हणाले, "पाठ चोळ." आम्ही चोळली. पाठीवरची हाडे हाताला लागली. गिरणीत असताना ही पाठ कोणीतरी दर रविवारी चोळत असे, आणि तो माणूस आता कुठल्या तरी गावात असाच बसला असेल, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. पुष्कळ उशिरा आले. सांधे सुटले नाहीत. पण घरी परतताना ते एस्टीत झोपले, एवढे खरे.

आता पुन्हा गोव्याकडे. आमच्या शेजारच्या या प्रांतात तेल लावणे हा एके काळी गुन्हा होता, हे किती जणांना ठाऊक आहे? १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या धर्मन्यायपीठाने, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुन्या कोणत्या चाली पाळू नयेत याची ती लांबलचक यादी. तुळस लावू नये, धोतर नेसू नये. आणि लग्नात वधूवरांच्या अंगाला हळद, नारळाचा रस, तेल, तांदळाचे पीठ चोळू नये! अ. का. प्रियोळकरांनी आपल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात हा सारा मजकूर लोकांपुढे ठेवला. डिचोली, सत्तरी, पेडणे हे आपल्या सीमेलगतचे महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती आलेले नव्हते. जाच होता तो बारदेश, तिसवाडी, साष्टी या भागांत. न्यायपीठ १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले. आणि आज गोव्यातल्या कोणत्याही ख्रिस्ती लग्नघरी आदल्या दिवशी जा: नवऱ्यामुलीला 'रोस' लावतात. रोस म्हणजे नारळाचा रस. मावश्या, माम्या, शेजारणी तो दोन्ही हातांनी चोळतात, वर खोबरेल ओततात आणि हसतात. एवढ्या मोठ्या न्यायपीठाला बायकांचे हात काही थांबविता आले नाहीत.

त्याच बारदेशात आज आपल्या मुली मर्दनाचे काम करतात.

त्यांच्याविषयी आमच्या हातून जे घडले ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी भेडशीकडची एक मुलगी आमच्याकडे आली. तिच्यासारख्या आठ-दहा जणींना युनियनमध्ये यायचे होते. आम्ही विषय कमिटीपुढे ठेवला. एक जण म्हणाला, "असल्या कामाच्या बायका घेतल्या तर बाकीच्या निघून जातील." आम्ही अध्यक्षस्थानी होतो. आम्ही त्याला खडसावले नाही. "पुढच्या बैठकीत पाहू" म्हणालो. ती पुढची बैठक दीड वर्ष आली नाही. तोपर्यंत तिचे ठरलेले लग्न मोडले होते. वराकडच्यांना काम कोणते ते कळले होते. मसाज पार्लरच्या नावाखाली काही ठिकाणी भलते धंदे चालतात, पोलिसांच्या धाडी पडतात, हे खरे. पण एका खानावळीत दारू विकली म्हणून सगळ्या आचाऱ्यांना कोणी दारूविके म्हणते काय?

शेवटी लाज वाटून आम्हीच तिच्याकडे गेलो, आणि काम पाहायचे आहे म्हणालो. नव्या मुलींचा सराव चालू होता, त्यांना पाठी हव्या होत्या. तिने आम्हांला बाकावर निजविले. आयुष्यात पैसे घेऊन कोणी आमचे अंग रगडले नव्हते; हेही फुकटचेच होते. आम्ही लाकडासारखे पडलो. ती म्हणाली, "काकांनु, आंग ढिला सोडा. हात कित्याक धरून ठेवलास?" खरोखरच आम्ही हात आवळून ठेवला होता, जणू तिच्याच्याने तो उचलवणार नाही. उजव्या खांद्यात तिला एक गाठ लागली. झोळी त्याच खांद्याला काय, असे तिने विचारले. तीस वर्षे त्याच खांद्याला होती! आम्ही तिला कधी सांगितले नव्हते.

नंतर चहा घेताना तिने आपले अंगठे दाखविले. दिवसाला पाच-सहा माणसे, दोघांच्या मध्ये चादर बदलण्यापुरता वेळ. सांधे सुजलेले, मनगटात रात्री मुंग्या. डोक्याला तेल लावणारीच्या हाताला सायंकाळी भाकरी थापवत नाही. पगार ठरलेला थोडा. बाकी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. गिऱ्हाईक वावगे बोलले तर उठून बाहेर यायची मुभा कागदावर आहे, पण त्या दिवसाचे पैसे जातात. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे जेथे कामाला आहेत तेथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, आणि त्याहून लहान जागेच्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हे त्यांतल्या एकीलाही कोणी सांगितलेले नव्हते. आम्हीही नाही.

गेल्या पावसाळ्यात, हॉटेले ओस असतात त्या दिवसांत, आमच्या पडवीत पहिली बैठक झाली. अकरा जणी आल्या, दोघी आयांना घेऊन. मागण्या त्यांनीच सांगितल्या, आम्ही लिहून घेतल्या: दोन गिऱ्हाइकांत वीस मिनिटे विसावा, हात शेकायला गरम पाणी, वावगे वागणाऱ्याच्या खोलीतून बाहेर आल्यास त्या वेळेचे पूर्ण पैसे, आणि ओळखपत्रावर कामाचे नाव स्पष्ट लिहिलेले. शेवटच्या मागणीवर बराच वाद झाला. नाव कोणते लिहावे? इंग्रजी शब्द एकीला हवा होता, दुसरीला नको होता. आम्ही त्यांना 'मर्दना-मादणे' सांगून पाहिले, तेव्हा त्या खूप हसल्या. वाद चालू असताना एकीची आई उठून आत गेली, आमच्या घरातून खोबरेलाची वाटी कोमट करून घेऊन आली, आणि शेजारच्या मुलीचे मनगट मांडीवर घेऊन चोळू लागली. ती मुलगी बोलत होती, बोलता बोलता तिने दुसराही हात पुढे केला.